वाहनतळाचे डांबर फुटण्याआधीच सीलकोट हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानांवर नालेसफाई, रस्त्यांची रखडलेली कामे आणि पावसाळापूर्व तयारी यांविषयीच्या बातम्या सातत्याने येतात आणि त्यामुळे यंत्रणेवर थोडाफार दबावही राहतो. सार्वजनिक रस्त्याला निदान कोणीतरी वाली असतो. पण रुग्णालये, मंगल कार्यालये, लॉन्स, मॉल, बाजार समित्या, औद्योगिक वसाहतींतील कारखाने आणि मोठी व्यापारी संकुले यांच्या आवारांत जी प्रचंड डांबरी जागा वाहनतळ म्हणून वापरली जाते, तिच्याकडे मालक, व्यवस्थापक आणि भाडेकरू यांपैकी कोणीही पहिला खड्डा पडेपर्यंत लक्ष देत नाही. स्थापत्य अभियंता म्हणून माझ्या नोकरीचा बहुतेक काळ डांबरी कामांवर गेला आणि निवृत्तीनंतर नाशिक परिसरातील काही आवारांची पाहणी मी करून देतो. या वाहनतळांचा पृष्ठभाग चांगल्या स्थितीत असतानाच त्याला सीलकोट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा डांबराचा पातळ लेप, करून घेणे का आवश्यक आहे आणि सीलकोटच्या नावाखाली सध्या जे केले जाते त्यात काय चुकते, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, परंतु हा विषय तुटक मांडला तर त्यातून भलताच अर्थ निघतो.

डांबरी थर म्हणजे खडी, कच आणि त्यांना धरून ठेवणारे बिटुमेन यांचे मिश्रण. वजनाने पाहिले तर त्यात बिटुमेन जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असते, पण थराचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या पाच टक्क्यांच्या प्रकृतीवर ठरते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे बिटुमेन वर्षागणिक कडक होत जाते, त्यातील तेलकट अंश कमी होतो आणि काळाभोर पृष्ठभाग करडा दिसू लागतो. ज्या जागेवर वाहने कमी धावतात ती जागा जास्त टिकते, असा सार्वत्रिक समज आहे आणि वाहनतळाच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. वाहत्या रस्त्यावर चाकांच्या दाबाने पृष्ठभाग सतत दाबला जातो, बारीक फटी काही प्रमाणात मिटत राहतात आणि बिटुमेन जागते राहते. वाहनतळाच्या कडेच्या रांगांत हे घडत नाही. तेथे डांबर दिवसभर उन्हात पडून राहते आणि हालचालीवाचून वाळते. म्हणूनच एकाच आवारात, एकाच दिवशी, एकाच ठेकेदाराने केलेल्या कामात प्रवेशमार्ग बरा आणि गाड्या लावण्याच्या रांगा मात्र भेगाळलेल्या, असे दृश्य वारंवार दिसते.

याखेरीज वाहनतळाचे काही त्रास खास त्याचेच असतात. उभ्या वाहनातून इंजिन ऑइल, डिझेल किंवा पेट्रोल थेंबथेंब गळते, आणि बिटुमेन स्वतःच खनिज तेलापासून आलेले असल्यामुळे ही द्रव्ये त्याला विरघळवतात. त्या जागेवर किल्लीचे टोक दाबून पाहिले तर ते सहज आत जाते आणि खडी हाताने सुटते. पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी जागच्या जागी चाके वळवते तेव्हा पृष्ठभागावरची बारीक खडी पिळवटली जाते. उन्हाळ्यात डांबरी पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या बिटुमेनचा मृदू होण्याचा बिंदू मानकानुसार किमान ४७ अंश असतो, हे लक्षात घेतले म्हणजे भर दुपारी दुचाकीचा साइड स्टँड डांबरात का रुततो हे कळते. एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या दुचाकी विभागात खाली वाकून पाहावे. ओळीने अंगठ्याएवढ्या खळग्यांच्या रांगाच्या रांगा दिसतील, आणि प्रत्येक खळग्यात पावसाचे पाणी साचण्याची सोय आयतीच झालेली असेल.

पाणी हाच या सगळ्यातील खरा वैरी आहे. नीट दाबलेल्या घट्ट थरात हवेच्या पोकळ्या थोड्या आणि एकमेकींपासून तुटलेल्या असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही; पोकळ्यांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या पुढे गेले की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते. खासगी आवारांत रोलर कोपऱ्यांत, झाडांच्या आळ्यांजवळ आणि कंपाउंड भिंतीलगत पोहोचत नाही, म्हणून दाब तेथेच कमी पडतो आणि नुकसानही तेथूनच सुरू होते. आत गेलेले पाणी खडीवरचे बिटुमेनचे वेष्टण सोडवते. आपल्या दख्खनी काळ्या दगडाला बिटुमेन तसे चांगले चिकटते, पण क्रशरची धूळ न काढता खडी वापरली असेल तर ते चिकटणे वरवरचेच राहते. सकाळी आवार झाडणाऱ्या कामगाराच्या सुपातील कचरा मी आवर्जून हातात घेऊन पाहतो. त्यात सुटलेली खडी काळ्या वेष्टणासह असेल तर झीज पृष्ठभागाची आहे. खडी उघडी, धुतल्यासारखी करडी असेल तर पाणी आतून काम करू लागले आहे. पुढे तेच पाणी खालच्या खडीकरणात आणि मुरमात उतरते, भर ओली होऊन बसते आणि गाडी गेली की वरचा थर लवतो. तेथून खड्डा पडायला एक पावसाळा पुरतो.

सीलकोट करायचा तो या क्रमाची पहिली पायरी रोखण्यासाठी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आपण स्लॅब गळून आतील सळया गंजण्याआधी करतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र सीलकोट काय करू शकत नाही हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण फसवणूक तेथेच होते. सीलकोटने थराची भार पेलण्याची ताकद वाढत नाही. खचलेली जागा त्याने वर येत नाही, उतार चुकला असेल तर तो सुधारत नाही आणि जाळीदार भेगा पडलेल्या भागात, म्हणजे जेथे खालची भरच निकामी झाली आहे तेथे, त्याचा काडीचाही उपयोग नाही. तो पाण्याला अटकाव करतो, वरच्या बिटुमेनला ऊन आणि हवा यांपासून आडोसा देतो आणि सुटू पाहणारी बारीक खडी धरून ठेवतो. एवढेच त्याचे काम आहे, आणि वेळेवर केले तर ते फार मोलाचे आहे.

आपल्या देशात यासाठी वेगळे तंत्र शोधून काढण्याची गरज नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत सीलकोटचे दोन प्रकार पूर्वीपासून आहेत. पहिल्यात पृष्ठभागावर गरम बिटुमेन फवारून त्यावर साधारण ६.७ मिलिमीटर आकाराची बारीक खडी पसरतात व रोलर फिरवतात. दुसऱ्यात बारीक वाळू किंवा कच बिटुमेनमध्ये आधीच घोळून पसरतात. पहिल्या प्रकाराला दर १० चौरस मीटरला ९.८ किलो आणि दुसऱ्याला ६.८ किलो बिटुमेन लागते. त्याशिवाय भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी:एसपी:८१ या पुस्तिकेत स्लरी सील दिलेले आहे. त्यात बिटुमेनचे इमल्शन (पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपात मिसळलेले बिटुमेन), कच, थोडे सिमेंट आणि पाणी यांचे दाटसर मिश्रण थंडच पसरले जाते आणि सर्वांत बारीक प्रकारची जाडी अवघी २ ते ३ मिलिमीटर असते. वाहनतळासाठी माझी पसंती या बारीक स्लरीला आहे. मोकळी खडी उडून गाड्यांच्या काचांना लागत नाही, बुटांना व व्हीलचेअरच्या चाकांना त्रास होत नाही, आणि बॉयलर पेटवण्याची गरज नसल्यामुळे रुग्णालयासारख्या ठिकाणी धूरही होत नाही. पृष्ठभाग अजून घट्ट असेल आणि फक्त करडा पडू लागला असेल तर नुसत्या पातळ इमल्शनचा हलका फवारा, ज्याला फॉग स्प्रे म्हणतात, तोही चालतो. परंतु फवारा जास्त झाला तर ओल्यात गाडी घसरते, म्हणून उताराच्या रॅम्पवर तो टाळलेला बरा.

खर्चाचा प्रश्न लगेच विचारला जातो. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी मालाचा हिशेब देतो. तो कोणालाही पडताळता येईल. १,००० चौरस मीटरचा, म्हणजे ये-जा करण्याच्या जागेसह सुमारे ४० मोटारींचा वाहनतळ घ्या. त्यावर खडी-फवाऱ्याचा सीलकोट करायचा तर ९८० किलो बिटुमेन लागेल. त्याच जागेवर ३० मिलिमीटर जाडीचे नवीन कार्पेट, म्हणजे नवा डांबरी थर, घालायचे ठरले तर सुमारे ७० टन हॉटमिक्स (खडी-बिटुमेनचे गरम मिश्रण) आणावे लागेल आणि त्यात साडेतीन टनांहून अधिक बिटुमेन असेल. शिवाय थर पसरवणारे पेव्हर यंत्र, रोलर, डंपरच्या फेऱ्या आणि उंची वाढल्यामुळे चेंबरची झाकणे, गटाराच्या जाळ्या व दुकानांचे उंबरे यांची नव्याने जुळवाजुळव आलीच. खालची भरही उकरावी लागली तर खर्च कोठे जातो हे वेगळे सांगायला नको. असे असूनही व्यवस्थापनाच्या बैठकीत सीलकोटचा विषय "अजून तर चांगलंच आहे" या एका वाक्यावर पुढे ढकलला जातो. चांगले आहे म्हणूनच तो करायचा असतो.

वेळ कोणती, याबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. नव्या डांबरीकरणावर उद्घाटनाआधी छान दिसावे म्हणून लगेच सीलकोट करू नये. ताज्या थरातील हलके अंश निघून जाण्यासाठी आणि तो स्थिरावण्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबणे इष्ट असते. त्यानंतर साधारण तीन ते पाच वर्षांनी, पण कॅलेंडरपेक्षा पृष्ठभागाकडे पाहून, पुन्हा करावा. दरवर्षी थरावर थर चढवले तर तो पापुद्रा स्वतःच तडकतो आणि सोलून निघतो. हंगाम म्हणाल तर पावसाळा संपून जमीन पूर्ण वाळल्यावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पुढे काम करावे. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिक पट्ट्यात रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा इमल्शनचे काम ऊन चढल्यावर सुरू करून दुपारी लवकर थांबवावे. कोकणात दमट हवेमुळे वाळायला अधिक वेळ लागतो आणि तो वेळ दिलाच पाहिजे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे ढग जमलेले असताना घाईने उरकलेला सीलकोट पहिल्याच सरीत गटारात वाहून जातो.

आता कामाच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सीलकोट फसतो तो नव्वद टक्के वेळा तयारीत. आधी भेगा पाहाव्यात, आणि त्या पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास. उघडीप मिळाली की घट्ट पृष्ठभाग झपाट्याने सुकतो आणि जेथे पाणी आत शिरले आहे तेथे काळ्या ओल्या रेषा मागे राहतात. एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही त्या वेळी स्पष्ट दिसतात. त्या तेव्हाच ऑइल पेंटने खुणावून ठेवाव्यात. सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा रुंद प्रत्येक भेग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून, त्यातील गवत व माती मुळासकट काढून, रबरयुक्त बिटुमेनच्या सीलंटने भरावी लागते. वरून फासलेले पातळ इमल्शन रुंद भेग भरू शकत नाही, ते आत ओघळून जाते आणि भेग तशीच उघडी राहते. जाळीदार भेगांचा भाग चौकोनी कापून, खालपर्यंत उकरून, नव्याने भरून दाबावा. पाणी साचणाऱ्या जागा उताराने सोडवाव्यात. दर मीटरला किमान दोन सेंटिमीटर उतार मिळाला पाहिजे आणि गटाराची जाळी त्या पातळीच्या खाली असली पाहिजे. हे सगळे आटोपल्यावर तेलाचे डाग. डाग घासून, साबणपाण्याने धुऊन, वाळवूनही तेथील डांबर मऊच लागत असेल तर तेवढा तुकडा कापून बदलणे हाच मार्ग आहे, कारण तेलावर कोणताही सीलकोट धरत नाही.

यानंतर संपूर्ण पृष्ठभाग झाडून, धूळ उडवून, शक्यतो धुऊन कोरडा केला की प्रत्यक्ष सीलकोट लावायचा. इमल्शन लावताना तपकिरी असते. त्यातील पाणी सुटू लागले की ते काळे पडते, आणि रंग पूर्ण बदलेपर्यंत त्यावर पायसुद्धा ठेवू नये. गाड्या सोडायला चांगल्या उन्हात किमान २४ तास द्यावेत, थंडीत वा दमट हवेत त्याहून अधिक. सगळा वाहनतळ एकदम बंद ठेवणे रुग्णालयाला किंवा मॉलला परवडत नाही, हे मान्य आहे. म्हणून दोन किंवा तीन भाग पाडून काम करावे आणि प्रत्येक भागाला बॅरिकेड लावून पहारेकरी ठेवावा. दोरी बांधून भागत नाही, लोक ती उचलून गाडी आत घालतात. शेवटी पांढऱ्या-पिवळ्या रेषा, बाण, दिव्यांगांसाठी राखीव जागा आणि अग्निशमन वाहनाचा मार्ग नव्याने रंगवावा. अंदाजपत्रकात ही बाब बहुधा राहून जाते आणि मग महिनोन्महिने काळ्या पटावर कोणी कशीही गाडी लावते.

या व्यवसायातील गैरप्रकारांकडे डोळेझाक करून चालणार नाही. लग्नसराईआधी एका मोठ्या आवारात जळके इंजिन ऑइल आणि रॉकेल मिसळलेले काळे पाणी फवारून "सीलकोट केला" असे सांगितले गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. दोन दिवस जागा झळाळली, आणि नंतर त्या तेलाने आधी बरे असलेले डांबरही मऊ करून टाकले. मालकाला आपण पैसे देऊन नुकसान विकत घेतले, हे पुढच्या पावसाळ्यात कळले. दुसरा प्रकार अधिक सर्रास चालतो: इमल्शनच्या पिंपात वारेमाप पाणी घालणे. त्यावर उपाय कठीण नाही. रस्त्यासाठीच्या इमल्शनला आयएस ८८८७ हे भारतीय मानक आहे आणि स्लरीसाठी वापरल्या जाणाऱ्या एसएस-२ प्रतीत पाणी उडून गेल्यावर किमान ६० टक्के भाग शिल्लक राहिला पाहिजे. पिंपातील १०० ग्रॅम माल स्टीलच्या वाटीत घेऊन मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत ठेवावा आणि पुन्हा वजन करावे. ही प्रयोगशाळेतील काटेकोर चाचणी नव्हे, परंतु ६० ऐवजी ३० ग्रॅम उरले तर पुढे वाद घालायला काही राहत नाही. प्रत्यक्ष फवारणीचे प्रमाण पाहायचे असेल तर ठरावीक मापाचा, आधी वजन केलेला पत्र्याचा ट्रे फवाऱ्याच्या वाटेत ठेवावा आणि नंतर पुन्हा वजन घ्यावे. रस्त्याच्या कामांवर ही ट्रे चाचणी नेहमीची आहे आणि खासगी कामावर ती करू नये असा कोणताही नियम नाही. कार्यादेशात "सीलकोट करणे" एवढेच शब्द लिहिण्याऐवजी प्रकार, मानक, दर चौरस मीटरचे प्रमाण, भेगा भरण्याची लांबी आणि पॅचचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे लिहावे, म्हणजे निविदा भरणाऱ्या प्रामाणिक ठेकेदारावरही अन्याय होणार नाही. आज सर्वांत कमी दर देणारा बहुधा तोच असतो, ज्याने तयारीचे काम धरलेलेच नसते.

आणखी एका धोक्याबद्दल वेळीच सावध करणे मला कर्तव्य वाटते, आणि त्यासाठी अमेरिकेचा अनुभव सांगावा लागेल. तेथे व्यापारी वाहनतळांना दर काही वर्षांनी काळा सीलकोट लावणे हा मोठा, स्थिरावलेला व्यवसाय आहे. त्यातील एक प्रकार बिटुमेनच्या इमल्शनचा आणि दुसरा कोल टारचा. आपल्या रस्त्यांवर वापरले जाणारे बिटुमेन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. कोल टार पोलादासाठी दगडी कोळशापासून कोक तयार करताना निघतो. कोल टारवर पेट्रोल-डिझेलचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून वाहनतळांवर तो लोकप्रिय झाला. परंतु त्यात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातील रसायनांचे प्रमाण बिटुमेनच्या सीलकोटपेक्षा सुमारे हजार पटींनी अधिक असते, आणि कोल टार पिच हे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घातलेले आहे. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराच्या अधिकाऱ्यांना ओढ्यांच्या गाळात ही रसायने सापडू लागली, माग काढता काढता ते वाहनतळांवरून झिजून येणाऱ्या काळ्या भुकटीपर्यंत पोहोचले, आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संशोधकांनी त्यास २००५ मध्ये अभ्यासाने दुजोरा दिला. ऑस्टिनने २००६ पासून कोल टारच्या सीलकोटवर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. पुढे वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये कायदा केला आणि मिनेसोटात २०१४ पासून बंदी लागू झाली. कोल टार लावलेल्या वाहनतळालगतच्या सदनिकांतील धुळीत ही रसायने इतर ठिकाणच्या घरांपेक्षा सुमारे २५ पट आढळली, आणि बंदीनंतर ऑस्टिनमधील लेडी बर्ड तलावाच्या तळच्या गाळातील प्रमाण निम्म्याहून कमी झाले, हेही अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्याच संशोधकांनी नोंदवले आहे.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की कोल टार आपल्या देशातील पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतूनही निघतो आणि तेल न शोषणारे लेपन हवे म्हणून उद्या कोणी तो वाहनतळासाठी सुचवला, तर खरेदी विभागाला त्यातला फरक कळणार नाही. दोन्ही काळेच दिसतात. आपल्या वाहनतळांवरचे पाणी शेवटी गोदावरीत, मुळा-मुठेत, मिठी नदीत किंवा जवळच्या विहिरीतच जाते आणि सोसायटीची मुले संध्याकाळी याच जागेवर क्रिकेट खेळतात. म्हणून कार्यादेशात "कोल टार किंवा कोल टार पिच असलेला कोणताही माल चालणार नाही" हे वाक्य असलेच पाहिजे आणि मालाचे सुरक्षा-माहितीपत्रक ठेकेदाराकडून मागून घेतले पाहिजे. बिटुमेनच्या सीलकोटला पेट्रोल-डिझेलचा डाग लवकर लागतो, ही त्याची उणीव खरी आहे. ती सोसून, गळती होणाऱ्या जागा वेळच्या वेळी स्वच्छ कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. जेथे इंधन सतत सांडतेच, म्हणजे पंपाच्या भरणा जागेवर किंवा ट्रक दुरुस्तीच्या आवारात, तेथे डांबर नकोच. तेथे काँक्रीट योग्य.

काही जण म्हणतील की मग सगळीकडेच काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालून मोकळे व्हावे. नव्या आवारासाठी तो विचार जरूर करावा. पण जेथे डांबरी थर आहे आणि त्याची भर भक्कम आहे, तेथे तो उखडून फेकणे म्हणजे चांगला माल आणि पैसा दोन्ही वाया घालवणे होय. आणि अवजड वाहनांखाली खचलेले, वाळू निघून गेलेले पेव्हर ब्लॉक आपण सर्वांनी पाहिलेलेच आहेत.

यात सार्वजनिक यंत्रणांचाही वाटा आहे. महापालिका आणि नगरपालिका आपले सशुल्क वाहनतळ ठेक्याने चालवायला देतात. वाहनचालकाकडून तासाला शुल्क घेतले जाते, तर त्या शुल्कातून जमिनीची निगा राखली गेलीच पाहिजे, आणि ती कोणी व केव्हा राखायची हे करारात लिहिलेले असले पाहिजे. ठेक्याचा काळ दोन-तीन वर्षांचा असतो, त्यामुळे ठेकेदाराला पुढच्या पावसाळ्याची काळजी करण्याचे कारण उरत नाही. म्हणून सीलकोटची जबाबदारी पालिकेने स्वतःकडे ठेवावी, त्यासाठी शुल्कातील ठरावीक हिस्सा वेगळा काढावा आणि भेगा भरणे, डाग साफ करणे ही नेहमीची कामे ठेकेदारावर सोपवावीत. औद्योगिक वसाहतींत भूखंडाच्या आतील आवार कारखानदाराचे असते. तेथील उद्योजक संघटनांनी शेजारच्या आठ-दहा कारखान्यांची कामे एकत्र करून एकच निविदा काढली, तर स्लरीचे यंत्र आणणे छोट्या आवारांनाही परवडेल. एकट्या ५०० चौरस मीटरसाठी चांगला ठेकेदार यंत्र हलवत नाही, आणि मग काम झाडू-बादलीवाल्याकडे जाते, ही आजची खरी अडचण आहे. गृहनिर्माण संस्थांनाही हाच मार्ग खुला आहे.

आमच्या शहरात सशुल्क वाहनतळांच्या पुढील निविदा निघतील तेव्हा त्यांत पृष्ठभागाच्या देखभालीची आणि कोल टार न वापरण्याची अट घालावी, तसेच पावसाळा संपताच अस्तित्वातील डांबरी वाहनतळांची भेगनिहाय पाहणी करून तिचा अहवाल नागरिकांसाठी खुला करावा, अशी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून महापालिकेला माझी विनंती आहे. पाहणीसाठी मनुष्यबळ कमी पडत असेल तर माझ्यासारखे निवृत्त अभियंते विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत.

कळावे,
आपला नम्र वाचक,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक